सरांचा बिघडलेला फ्रीज

सरांना माणसं आवडत नसत आणि माणसांना सर आवडत नसत. पांढरकवड्याच्या आमच्या रुग्णालयात बाकी प्रत्येक गोष्टीवर वाद होत, यावर कधी झाला नाही.

मी तिथली व्यवस्थापक. औषधं, चादरी, ऑक्सिजनची सिलिंडरं, ड्रायव्हरांच्या पाळ्या, रक्त देणाऱ्यांचे फोन नंबर, सगळ्याच्या याद्या मी ठेवत असे, आणि ते रुग्णालय त्या याद्यांवरच चालत होतं असं माझं आजही मत आहे. सर प्रयोगशाळेचे प्रमुख होते. म्हणजे दोन खोल्या, एक टेक्निशियन, एक मायक्रोस्कोप आणि एक जुना फ्रीज एवढ्यांचे प्रमुख. त्याआधी ते नागपूरला कॉलेजात शिकवत. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही, हे ते कौतुकाने सांगत. "हार आणायले पैसे होते, घालायले माणूस नव्हता," असं म्हणून स्वतःच हसत. मला त्या कॉलेजची बाजू पटत असे.

रुग्ण असो, नर्स असो, डॉक्टर असो, सर सगळ्यांना अरे-तुरे करत. मला मात्र 'बाई' म्हणत, पण तेही मानाने नव्हे. "काय म्हणते तुमची यादी, बाई?" असं विचारत, जणू यादी हा मी पाळलेला पोपट. माणसांच्या त्यांनी तीन प्रती ठरवल्या होत्या: माठ, पक्का माठ आणि पदवीधर माठ. आमच्या विश्वस्तांना ते तोंडावर तिसऱ्या प्रतीत टाकत. मे महिन्यातही अंगात तपकिरी स्वेटर, कोपरांवर भोकं, खिशात भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यांची टरफलं मायक्रोस्कोपच्या टेबलावर. ती उचलायला मी माणूस ठेवला, तर त्याला पहिल्याच दिवशी पक्का माठ म्हणून पळवून लावलं.

आणि त्यांना चाटायची सवय होती. विहिरीचं पाणी, शेतातली माती, सरकीची पेंड, नव्याने आलेली औषधाची बाटली बाहेरून, काहीही हातात आलं की बोट लावून जिभेवर. "जीभ हे पहिलं यंत्र. फुकट असते म्हणून तुम्ही वापरत नाही," असं वर ऐकवत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नये, अशी पाटी मी त्यांच्या दारावर लावली. ती त्यांनी वाचली, आणि चाटून पाहिली.

या माणसाचं आयुष्यात एकाच गोष्टीवर प्रेम होतं. तिचं नाव हीम.

हीम म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणारा तुकडा. मधोमध लोखंडाचा एक अणू, भोवती कडं. तांबड्या पेशीत, हिमोग्लोबिनच्या आत, तो गुमान बसलेला असतो आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो. एवढं मलाही शाळेत शिकवलं होतं. सरांचा मुद्दा त्याच्या पुढचा होता. तांबडी पेशी फुटून हे हीम बाहेर सांडलं की पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगातले राखणदार, त्याच्याशी कशा वागतात, यावर ते जेवण विसरून बोलत. ऐकायला कोणी थांबत नसे, म्हणून ते रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जाऊन बोलत. तिथे कांताबाई होत्या. त्या आमच्या स्वयंपाकीण, आणि त्यांना भाकऱ्या सोडून कुठे जाता येत नसे.

"हे चुलीतलं लाकूड पाह्य," सर म्हणत. "चुलीत हाये तोवर भाकर भाजते. यातलाच निखारा छपरावर टाक."

"कायले टाकू? माहं डोकं फिरलं का?"

"फुटलेली पेशी तेच करते! हीम छपरावर फेकते. आता ऐक. रोज थोड्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या होतात. प्लीहेतल्या पांढऱ्या पेशी त्या खातात, लोखंड काढून घेतात, परत कामाले लावतात. मजा काय, की ते हीम खाऊनच त्या पेशी तशा बनतात. शांत. सफाई करणाऱ्या. थोडं थोडं भेटलं त त्या माणसात राहतात. पण एकदम सांडलं, की पाह्य मंग. त्याच लाठ्या घेऊन उठतात. त्यांना वाटते चोर घुसला. चोर कुठीच नाही, घरातलाच निखारा! पण त्या नसा सुजवतात, छातीत पाणी भरतात, ताप आणतात. अन् हा धिंगाणा चालू असताना खरा जंतू घुसला, त त्याच्याकडे पाह्यले कोणी मोकळं नसते."

"म्हंजे आमच्या गावातल्या माणसाईसारखंच," कांताबाई भाकर उलटवत म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आज पह्यल्यांदा अकलेचं बोलली," ते म्हणाले आणि वाटीभर वरण मागून घेतलं.

मला या हीमपुराणाचा राग होता, त्याला कारण आहे. त्यापायी त्यांना माणूस दिसत नसे. एकदा केळापूरकडची एक बाई तपासणीला आली होती. दंडावर मोठा काळानिळा डाग. सरांनी तिचा हात धरून खिडकीपाशी नेला आणि खूश झाले. "वा! कडेने हिरवं झालं. हे पाह्य, सांडलेलं रक्त पांढऱ्या पेशींनी खाल्लं, हीम तोडलं, त्याचं हिरवं केलं. आता पिवळं होईल. फस्क्लास काम चालू हाये." बाईने पदर ओढून घेतला. तिला कोणी मारलं हे त्या फस्क्लास कामाच्या नादात सरांनी विचारलंच नाही. ते मला विचारावं लागलं.

दुसरं प्रकरण एसटीच्या एका ड्रायव्हरचं. त्याच्या रक्ताच्या नळीत, पेशी तळाशी बसल्यावर, वरचं पाणी गुलाबी आलं. ते पिवळसर यायला हवं. सुई बारीक असली, रक्त जोरात ओढलं, की पेशी नळीतच फुटतात आणि पाणी गुलाबी होतं. कुठलाही टेक्निशियन अशी नळी टाकून दुसऱ्यांदा रक्त घेतो. सरांनी जाहीर केलं की या माणसाच्या अंगातच रक्त फुटतंय. ड्रायव्हरच्या बायकोने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला, नातेवाईक जमले, त्याला जीपने नागपूरला नेलं. तिथे दुसऱ्यांदा रक्त घेतलं. स्वच्छ पिवळं पाणी. तो ठणठणीत माणूस परत आला तो थेट माझ्या टेबलाशी, आणि जे बोलायचं ते मला बोलला. सर म्हणाले, "नशीबवान हाये." त्यानंतर सर एखादी नळी हातात धरून 'लाल!' असे ओरडले, की डॉक्टर मान वर करत नसत. बरोबरच होतं त्यांचं.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. जिल्ह्यात कॅमेऱ्यांच्या गाड्या फिरत, पुढारी येऊन हात जोडून जात. आमच्या वॉर्डात विष घेतलेली माणसं आणली जात. काही वाचत, काही नाही. आणि आमचे सर भर व्हरांड्यात म्हणत, "या मरणाले मोटारी येतात. सिकलसेलच्या पोरांसाठी एसटीही थांबत नाही." समोरच्या बाकावर विष घेतलेल्या माणसाची बायको बसलेली. मी त्यांना स्वेटरला धरून आत ओढलं. ते म्हणाले, "खोटं बोललो का?" खोटं नव्हतं. पण खरं बोलण्याची वेळ आणि जागा असते, हे ज्याला साठीनंतर सांगावं लागतं त्याला काय म्हणावं?

सिकलसेल आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोलामांच्या पोडावर, गोंडांच्या गावात, बौद्धांच्या वस्तीत, कुठे ना कुठे एखादं पोर असतंच. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणजे सरांचा निखारा रोजच छपरावर. कांताबाईंच्या मुलीला, सुजाताला, हा आजार होता. ती दहावीला होती. हुशार, आईसारखीच तोंडाने तिखट.

त्या हिवाळ्यात भाव पडलेले, वेचणीला माणूस मिळेल तितका हवा, म्हणून शाळेतल्या पोरीही शेतात जात. सुजाता आईला न सांगता मैत्रिणींबरोबर गेली. पहाटेचं दव, थंडी, आणि शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं. ही सगळ्या पोरींची रीत होती. बाकीच्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. सुजाता संध्याकाळी हाडं धरून ओरडत घरी आली, दुसऱ्या दिवशी ताप, आणि तिसऱ्या सकाळी तिला श्वास पुरेना. आमचे छोटे डॉक्टर, म्हणजे नुकताच लागलेला एक शांत मुलगा, त्यांनी छातीला कान लावला आणि मला म्हणाले, "मॅडम, हिला आजच रक्त लागेल. उशीर झाला तर हाताबाहेर जाईल."

मी ड्रायव्हरला यवतमाळला पाठवलं. दुपारपर्यंत तो थर्मोकोलच्या डब्यात रक्ताची पिशवी घेऊन आला. नेमका तेव्हाच हायवेवर ट्रक उलटला आणि दारात जखमी येऊन पडले. छोटे डॉक्टर तिकडे गुंतले. त्यातच लोडशेडिंग. प्रयोगशाळेचा फ्रीज बंद, म्हणून टेक्निशियनने पिशवी त्याच डब्यात बर्फाच्या थैल्यांवर ठेवली आणि तोही जखमींकडे धावला. डब्यापाशी कांताबाई बसून राहिल्या. लेकीचं रक्त होतं ते. त्या स्वयंपाकघरात परतायला तयार नव्हत्या. दिवे आल्यावर टेक्निशियनने घाईघाईत पिशवी डब्यातल्या पाण्यातून काढून फ्रीजमध्ये टाकली. गार होती, म्हणून तो निश्चिंत झाला.

छोटे डॉक्टर मोकळे झाले तोवर सुजाताचे ओठ काळसर पडले होते. पिशवी आणून सिस्टरने स्टँडला टांगली. तेवढ्यात शेंगदाणे खात सर आले. पिशवीकडे पाहिलं, आणि ती काढून घेतली.

"सर, आज नको," छोटे डॉक्टर हात पुढे करत म्हणाले. "तुमचं हीम उद्या."

"हे लावायचं नाही."

"पोरगी जाऊन राह्यली, सर!" कांताबाई त्यांच्या पायाशीच बसल्या. "तुमच्या पाया पडतो. लावू द्या न जी."

सरांनी पिशवी स्वेटरच्या आत घातली आणि वरून दोन्ही हात धरले. साठीचा माणूस, पोटाशी रक्ताची पिशवी, आणि समोर श्वासासाठी धडपडणारी पोर. मी आजवर ज्या ज्या वेळी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या सगळ्या त्या क्षणी कमी पडल्या. मला दिसत होता तो एसटीचा ड्रायव्हर. छोट्या डॉक्टरांनाही तोच दिसत असणार. शांत मुलगा, पण त्याने सरांचा दंड धरला.

"अबे, पदवीधर!" सर ओरडले. "ओढू नको. डोळे उघड." आणि त्यांनी पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. "पाह्य. हे खालचं अन् हे वरचं, काही वेगळं दिसते का? वरचं पाणी पिवळं पाह्यजे. हे अंबाडीच्या सरबतासारखं आरपार लाल हाये. यात पेशी उरल्या नाही. सगळ्या फुटल्या. तिचं छप्पर आधीच पेटलं हाये, तू वरून निखाऱ्याची टोपली ओतशील. रात्रीतून तिची मूत्रपिंडं जातील, अन् मंग ती."

"प्रवासात हलली असेल," छोटे डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा हात सैल झाला होता.

"हलून असं होत नाही. हे गोठलं होतं." आणि मग, अर्थातच, त्यांनी पिशवी तोंडाशी नेली आणि बाहेरून चाटली.

सिस्टरने तोंड फिरवलं. मी मात्र पाहत होते. सर थबकले. त्यांनी आणखी एकदा जीभ लावली. मग खाली, पायाशी बसलेल्या कांताबाईंच्या हातांकडे पाहिलं. हात गारठून सुरकुतलेले, आणि पदराच्या ओल्या कडेला वाळत आलेली पांढरी रेघ.

"सर," कांताबाई भांबावून म्हणाल्या, "म्या त बर्फ..."

"चूप!" सर असे खेकसले की ऑक्सिजनचा बुडबुडाही क्षणभर थांबल्यासारखा वाटला. "तुले काय समजते फ्रीजमधलं? भाकऱ्या थापायची अक्कल, अन् फ्रीजच्या गोष्टी! माझा फ्रीज बिघडला हाये. त्यानं रक्त गोठवलं. माझी चूक. संपलं."

'माझी चूक' हे दोन शब्द त्या तोंडातून तोपर्यंत कोणी ऐकले नव्हते. त्यामुळे सगळे त्यातच अडकले. कांताबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं, आणि मग त्या उठल्या आणि सरांना जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. "मेल्या, तुह्या फ्रीजपायी माही लेक..." इथून सुरुवात होती. सर उभ्या उभ्या ऐकत राहिले. खिशातला शेंगदाणा काढून सोलत राहिले.

मी माझ्या कामाला लागले. रक्त देणाऱ्यांची यादी काढली. सुजाताच्या गटाचे दोघे गावात होते, एक हायवेवरच्या गॅरेजातला मिस्त्री, एक शाळामास्तर. दोघांनाही कामावरून उठवून आणलं. सिलिंडर, सिस्टर, सुजाता, कांताबाई आणि रक्त देणारे दोघे, सगळ्यांना एकाच गाडीत घालून यवतमाळला रवाना केलं. छोट्या डॉक्टरांनी आधी फोन करून तिकडच्या डॉक्टरांना तयार ठेवलं. रात्र चढायच्या आत तिला ताजं रक्त लागलं. सुजाता वाचली. आज ती पुसदला शिक्षिका आहे, वर्गातल्या पोरींना डबा खायच्या आधी पाणी प्यायला लावते.

त्या संध्याकाळी सर काय करत होते? त्या फुटलेल्या पिशवीतला थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. पोरीची चौकशी नाही, काही नाही. मी थर्मोकोलचा डबा धुवायला घेतला. तळाशी मिठाचे खडे होते.

फाटकाशी कुल्फीवाला असे. मी त्याला विचारलं. "हो ना, कांताबाईनं नेला बर्फ," तो म्हणाला. "त्याईच्या थैल्या वितळून राह्यल्या होत्या. म्या मीठ लावूनच देला, मॅडम. मीठ लावलं की बर्फ लय गार होते. कुल्फीले तसाच लागते."

कुल्फीला लागतो. रक्ताला नाही. साध्या बर्फात ती पिशवी सुखरूप राहिली असती. मिठाने बर्फ इतका गार होतो की त्यातलं दूधही घट्ट होतं, आणि रक्त गोठलं की पेशी फुटतात. कांताबाईंनी लेकीचं रक्त खराब होऊ नये म्हणून जिवापाड जपलं होतं, आणि त्या जपण्यानेच ती जायची होती.

मी प्रयोगशाळेत गेले. "सर, मीठ होतं ना?"

त्यांनी डोळा काढला नाही. "मीठ भाजीत असते, बाई. तुमची यादी लिहा."

"फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ मी स्वतः बघते. ते अगदी बरोबर आहे."

"मंग तुमचं थर्मामीटरही बिघडलं असेल."

इतकी वर्षं त्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं होतं. पण माझ्या थर्मामीटरवर केलेला तो आरोप मला सगळ्यात जास्त लागला.

विश्वस्तांची बैठक झाली. ते कित्येक दिवस सरांना काढायला निमित्त शोधत होते, आणि सरांनी ते ताटात वाढून दिलं. फ्रीज बिघडलाय हे माहीत होतं का? होतं. मग सांगितलं का नाही? "तुम्हाले सांगून काय फायदा, तुम्ही पदवीधर," असं सर म्हणाले. खोटंही धड बोलता येत नव्हतं त्यांना. मध्ये शिवी घातल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. मला विचारलं, तर मी म्हणाले, "सर सांगतात तसं." आणि दुसऱ्या दिवसापासून थर्मोकोलच्या डब्याला कुलूप लावलं, किल्ली टेक्निशियनच्या गळ्यात, आणि वितळल्यावर बदलायला बर्फाच्या थैल्या दुप्पट. जे करायचं ते करायचं, कोणाची मान कापून नाही.

सरांना मार्चअखेरपर्यंतची मुदत मिळाली. ते काही महिने कांताबाईंनी त्यांना जे वरण वाढलं, ते मी पाहिलं आहे. त्यातून ताटाची नक्षी दिसत असे. एरवी मिठाचा एक खडा कमी-जास्त झाला तर ताट परत पाठवणारा माणूस. ते पाणी भुरके मारून प्यायचा. "कसं हाये वरण, सर?" कांताबाई मुद्दाम विचारत. "फस्क्लास," सर म्हणत. स्वयंपाकघरातलं हीमपुराण मात्र बंद झालं. कांताबाई चिमटा घेऊन उभ्या राहत.

गेले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. हार आणणं माझ्या त्या दिवसाच्या यादीत नव्हतं. टरफलं टेबलावर तशीच टाकून, दारावरची माझी पाटी तेवढी काढून घेऊन ते एसटीत बसले. पाटी कशाला नेली, देव जाणे. असल्या माणसाची आठवण काढावी असं काही नाही. पण आठवण येते ती त्या फ्रीजमुळे.

प्रयोगशाळेत नवा फ्रीज आला आणि जुना स्वयंपाकघरात गेला. टाकून कशाला द्यायचा? कांताबाई त्यात विरजण, कोथिंबीर, मुरांबा ठेवतात. परवा मी हिशेब तपासायला गेले होते, तर त्या फ्रीजचं दार उघडं धरून उभ्या. हातात दह्याचं भगोणं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "इतके वर्षं झाले, हा फ्रीज कधी बंद पडला नाही. दही कधी गोठलं नाही, दूध कधी नासलं नाही. हा त चांगला हाये न वो. मंग त्या दिवशी..."

त्या विचार करू लागल्या होत्या. कपाळाला आठी पडत होती.

"चूप!" मी खेकसले. "तुम्हाला काय समजतं फ्रीजमधलं? दार लावा आधी. गार बाहेर जातंय."